माशाच्या तोंडातील नाणे

मत्तय १७:२४-२७ हा पाठ संडेस्कूलच्या मुलांना फार आवडतो. माशाच्या तोंडात नाणे, मग काय विचारता! पण ते नाणे कोणते, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. म्हणून या महिन्यात आम्ही प्राचीन ग्रीक रौप्यनाण्यांकडे वळत आहोत.

मूळ ग्रीक शास्त्रात मंदिरपट्टीला ‘दिद्राख्मा’, म्हणजे दोन द्राख्मा, असा शब्द आहे. माशाच्या तोंडातल्या नाण्याला ‘स्तातेर’. स्तातेर म्हणजे चार द्राख्मा. माणशी दोन याप्रमाणे एका नाण्यात प्रभूचा व पेत्राचा असा दोघांचा हिशेब चुकता होतो. (लूक १५ मधील स्त्रीचे हरवलेले नाणे द्राख्माच होते.)

बहुतेक अभ्यासकांच्या मते हा स्तातेर म्हणजे सोर नगराचा शेकेल. इ. स. पू. १२६ च्या सुमारास तो पाडण्यास आरंभ झाला व इ. स. ६६ च्या सुमारास तो बंद झाला. वजन सुमारे १४ ग्रॅम. आजीच्या पेटीतला राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो, त्यावरून अंदाज यावा. चांदी नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध. एका बाजूस सोरचा देव मेल्कार्त याचे मस्तक, दुसरीकडे गरुड, आणि भोवती ‘पवित्र व अभय सोराचे’ अशा अर्थाची ग्रीक अक्षरे.

येथे शिक्षकांनी क्षणभर थांबावे. रोमी नाण्यांवर कैसराची मूर्ती, म्हणून ती मंदिरात चालत नसत व सराफ बसत, असे आपण नेहमी शिकवतो. पण ज्या नाण्याने पट्टी भरत, त्यावर तर चक्क परक्या देवाचे मस्तक होते! तेव्हा खरे कारण मूर्तीत नव्हे, चांदीच्या वजनात व कसात शोधावे लागते. निर्गम ३०:१३ मध्ये अर्धा शेकेल सांगितला आहे, आणि तेवढी चांदी खात्रीने देणारे नाणे सोरचे होते.

अशी नाणी जमवावीत काय, असे कोणी विचारील. ग्रीक द्राख्मा आपल्या देशालाही परके नाहीत. अपोलोदोतस व मिनांदर या राजांचे जुने द्राख्मा पहिल्या शतकातही भडोचच्या बाजारात चालत, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नमूद आहे. मात्र शंभर वर्षांवरील नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. शेत नांगरताना हंडा लागला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांना कळवावे लागते.

शिवाय पवित्र भूमीची म्हणून विकली जाणारी नाणी पुष्कळदा ओतीव नकला असतात. खरे नाणे ठशाखाली हातोड्याने पाडलेले असते, म्हणून प्रत्येकाचे चित्र थोडे इकडेतिकडे सरकलेले दिसते. दोन नाणी डागासकट अगदी सारखी दिसली, किंवा कडेला साच्याची बारीक रेघ आढळली, तर पैसे देऊ नयेत. आणि खरे नाणे हाती आलेच, तर चिंच-राखेने घासू नये. वरचा काळा थर गेला की अक्षरेही झिजतात.

वर्गासाठी आम्ही पुठ्ठ्याच्या दोन चकत्या सुचवतो, अडीच सेंटीमीटर व्यासाच्या. एकीवर गरुड काढावा, दुसरीवर मस्तक. मुलांना आधी मस्तक दाखवावे आणि विचारावे, हे नाणे मंदिरात चालेल का?