फवारताना चक्कर आली तर: दवाखान्यात पोचण्याआधी काय करायचं



कपाशीवर फवारणीचे दिवस आहेत. आजच्या सल्ल्यात कीड बाजूला ठेवू आणि पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाबद्दल बोलू. मेसेज लांब आहे, पण पूर्ण वाचा. ज्या गड्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. ही माणसं विष प्यायलेली नव्हती. उंच वाढलेल्या कपाशीत फवारताना विष अंगावर आलं, श्वासातून गेलं. आपण त्याला 'औषध' म्हणतो ना, तिथंच निम्मी गफलत होते. कातडीला जखम नसली तरी ते आत जातं. घामानं भिजलेल्या अंगातून आणि ओल्या कपड्यातून तर जास्तच.

*ओळखायचं कसं?* प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, अ‍ॅसिफेट ही सगळी एका गटातली, सेंद्रिय फॉस्फरसची. यांची बाधा झाली की आधी डोकं दुखतं, मळमळतं, अंधुक दिसतं. मग तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो, डोळ्यांतून पाणी येतं, उलटी-जुलाब होतात, दंडाचं-मांडीचं मांस आपोआप फडफडतं. छातीत घरघर सुरू झाली म्हणजे वेळ फार थोडा आहे. बऱ्याचदा घरचे म्हणतात, ऊन लागलं असेल. अशा वेळी डोळ्याची काळी बाहुली बघा. ती टाचणीच्या टोकाएवढी बारीक झाली असेल तर ते ऊन नाही. बाहुली नेहमीसारखी दिसली तरी माणूस फवारणीवरून आला आहे एवढंच पुरेसं आहे, विषबाधा समजूनच पुढचं करा. त्रास लगेच होतो असंही नाही, कधी रात्री जेवणानंतर सुरू होतो.

*आता करायचं काय.* माणसाला फवारलेल्या पट्ट्यातून बाहेर, मोकळ्या हवेत आणा. एकानं लगेच १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्यानं अंगावरचे सगळे कपडे काढायचे. बूट, पट्टा, करदोडा, डोक्याचा रुमालसुद्धा. लाज धरू नका, विष त्या कपड्यांतच आहे आणि ते अंगावर आहेत तोवर आत जातच राहतं. मग साबण आणि भरपूर पाण्यानं अंग धुवा. केस, कानामागं, काखा, जांघा, नखांच्या कडा विसरू नका. जोरात घासू नका, कातडी सोलली की विष आणखी जातं. डोळ्यात उडालं असेल तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटं सोडा. धुणाऱ्यानं हातात रबरी मोजे घालावेत. ते नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधा, नाहीतर दुसरा रुग्ण तयार होतो.

धुण्यासाठी गाडी थांबवून ठेवायची का, असं विचाराल. श्वास नीट चालू असेल तर गाडी येईपर्यंत धुवा. श्वासाला त्रास असेल तर कपडे काढा, दोन बादल्या अंगावर ओता, चादरीत गुंडाळा आणि निघा.

*हे करू नका:* मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. बरीच कीटकनाशकं तेलकट द्रावणात असतात, उलटताना ती फुप्फुसात उतरतात. दूध, तूप, लिंबू, ताक यांपैकी कशानंही विष उतरत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात तर पाण्याचा थेंबही घालू नका. त्याला डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर येईल, श्वासनळीत जाणार नाही. झटका आला तर तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. आजूबाजूचं टोकदार सामान तेवढं हलवा.

श्वास थांबलाच तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, छाती साधारण पाच सेंटिमीटर खाली जाईल इतकं. तोंडानं श्वास देऊ नका, त्याच्या तोंडावरचं विष तुमच्या तोंडात येईल.

*सर्वांत महत्त्वाचं: डबा सोबत न्या.* रिकामा असला तरी. दोन-तीन औषधं एकत्र केली असतील तर सगळ्यांचे डबे न्या. नाहीच जमलं तर लेबलचा फोटो काढा, नाव आणि घटक वाचता येतील असा. फॉस्फरस गटाच्या विषावर अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं इंजेक्शन आहे. पायरेथ्रॉइड गटाला असा उतारा नाही, तिथं लक्षणं बघून उपचार करतात. पॅराक्वाट तणनाशकालाही उतारा नाही, आणि त्यात ऑक्सिजनसुद्धा डॉक्टर जपून देतात. म्हणजे डबा नसेल तर डॉक्टरला अंदाजावर चालावं लागतं. लेबलवर रंगीत त्रिकोण असतो, लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरव्यालाही निर्धास्त हाताळू नका.

दवाखान्यातून घरी आल्यावर चार दिवस लक्ष ठेवा. उशीवरून मान उचलता येत नाही, गिळताना अडतं, दम लागतो असं काही दिसलं तर तसंच परत न्या. बरं वाटलं म्हणून आठ दिवसांत पुन्हा पंप पाठीवर घेऊ नका. अंगातली झीज भरून यायला काही आठवडे लागतात, तोवर थोड्याशा विषानंही माणूस आडवा होतो. पुन्हा कधी फवारायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणखी एक. पाणी भरून देणाऱ्या, द्रावण कालवणाऱ्या आणि संध्याकाळी ते कपडे धुणाऱ्या घरच्या बायकांनाही हीच बाधा होते. त्यांचं डोकं दुखतं ते उपासानं, असं परस्पर ठरवू नका. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालूनच धुवा. विहिरीवर किंवा ओढ्यात नको.

आज घरी एवढं करा: साबणाची वडी, पाण्याचा एक कॅन आणि जुनी चादर, एका पिशवीत घालून फवारणीच्या सामानासोबत ठेवा.