गाडीला बोअरचं पाणी पाजू नकोस

"गाडी गरम व्हायली होती, पण वॉचमनकाकांनी बोअरचं पाणी भरून दिलं, आता चालेल की गं ताई," असं तू फोनवर म्हणालीस. चालेल, आज चालेल. एप्रिलचं ऊन तापू दे, लातूरहून नांदेडला येताना एसी लावून अहमदपूर-लोह्याचा रस्ता धर, मग तापमानाचा काटा कुठं जातो ते बघ. म्हणून रेडिएटर धुऊन कूलंट कसं बदलायचं, ते सविस्तर लिहायला बसले. तुला करता येतं ते, अन् घरच्या अंगणात करता येतं.

आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून झिरपून येतं, क्षारांनी जड झालेलं. तुझ्या कूलरच्या जाळीवर अन् गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनाच्या आत बसतो. दिसत नाही एवढंच. रेडिएटरच्या नळ्या आतून फार बारीक असतात. तिथं थर चढला की एक तर पाण्याचं फिरणं मंदावतं, अन् दुसरं म्हणजे पाण्यातली उष्णता नळीच्या भिंतीतून बाहेर पडेना होते. पंखा घोंघावत राहतो, गाडी तापतच राहते.

जुनी माणसं म्हणतील, आम्ही जन्मभर पाणीच घातलं. घातलं असेल. काळी-पिवळी जीपवाले तर पाण्याचा कॅन सीटखाली ठेवूनच निघायचे, अन् चढ संपला की बॉनेट उघडून ओतायचे. पण तेव्हाचे रेडिएटर तांब्या-पितळेचे, इंजिन बिडाचं, सगळा मामला जाडजूड. आता रेडिएटर अॅल्युमिनियमचा, बऱ्याच गाड्यांत इंजिनही त्याचंच, टोकांना प्लास्टिकच्या टाक्या. या अॅल्युमिनियमला गंज-क्षारांपासून जपणारी औषधं कूलंटमध्ये मिसळलेली असतात, अन् ती औषधं काही वर्षांनी संपतात. कूलंट बाटलीत भरलेलं दिसतं, पण त्याच्यातला दम गेलेला असतो. बदलायचं ते यासाठी.

आता तू विचारशील, आपल्याकडं कुठं बर्फ पडतो, मग कूलंटमधलं हे गोठणरोधक कशाला? अगं, निम्मं इथिलीन ग्लायकॉल अन् निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं. वरून रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, साधारण एका वातावरणाएवढा, त्यामुळं उकळणं आणखी वीसेक अंश पुढं ढकललं जातं. म्हणजे आपल्याला त्याचा उपयोग उन्हाळ्यात. पण नुसतं घट्ट कूलंट भरलं की जास्त गारवा, असं समजू नकोस. उष्णता वाहून न्यायला पाणीच भारी. ग्लायकॉल त्यात मागं पडतं. म्हणून निम्मं-निम्मं. काही गाड्यांच्या पुस्तिकेत ग्लायकॉलचं प्रमाण तीस टक्केही दिलेलं असतं. तुझ्या गाडीची पुस्तिका म्हणेल ते खरं, माझं नाही. रंगावर तर मुळीच जाऊ नकोस. हिरवं, निळं, गुलाबी हे कंपनीनं घातलेले रंग आहेत, त्यावरून कूलंटची जात कळत नाही. दोन जातींची सरमिसळ झाली तर औषधं एकमेकांना मारतात, कधी चिकट गाळही होतो.

सकाळी कर, उन्हाच्या आत, अन् गाडी रात्रभर उभी राहिलेली असू दे. ही एक गोष्ट माझ्यासमोर तू कबूल करायची: गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी शंभराच्या वर असूनही दाबामुळं उकळलेलं नसतं. झाकण ढिलं केलं की दाब सुटतो अन् त्याची एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. फडकं धरून, हळूहळू, थोडंसंच, असलं काही नाही. इंजिनावर हात ठेवता आला पाहिजे, मगच. काही गाड्यांत रेडिएटरवर झाकण नसतंच, ते कूलंटच्या टाकीवर असतं; नियम तोच. अन् किल्ली काढून ठेव, कारण पंखा विजेवर चालतो, तो कधीकधी आपल्याला न विचारता सुरू होतो.

रेडिएटरच्या खाली एका कोपऱ्यात छोटा प्लास्टिकचा नळ किंवा स्क्रू असतो. खाली जुना टब सरकव अन् तो हातानंच फिरव. इंजिनाच्या उष्णतेनं ते प्लास्टिक कडक झालेलं असतं, पकडीनं दाबलंस तर तुटून हातात येईल. नळ नसेल तर खालच्या जाड पाईपची क्लिप पकडीनं मागं सरकवून पाईप जरा पिळत ओढायचा. तेव्हा एकदम भडाभडा येतं, साडी-ओढणी आवरून बस. धार लागली की वरचं झाकण उघड.

आता टबात काय आलं ते नीट बघ. तांबूस असेल तर गंज आहे, धुऊन निघेल. पण दुधाळ चहासारखा तवंग दिसला, तेल तरंगताना दिसलं, तर तिथंच थांब. ते हेड गॅस्केट गेल्याचं लक्षण असू शकतं, अन् ते काम अंगणातलं नाही.

धुण्याची पद्धत मी सांगते ती जरा वेगळी आहे. लोक पाईप लावून रेडिएटरमधून पाणी वाहू देतात, स्वच्छ येईपर्यंत. लातूरच्या माणसानं ते करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत रेल्वे आली तेव्हा पहिल्या फेरीत 10 वाघिणींतून 5 लाख लिटर पाणी आलं होतं, अन् मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ज्या गावानं ते बघितलंय, तिथं गाडी धुवायला नळ सोडून बसणं मला बघवत नाही. शिवाय तो नळ बोअरचाच असणार, मग धुतलं कशाला? त्यापेक्षा डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आण. बॅटरीच्या दुकानात मिळतात. फक्त लेबल वाच, तिथं अॅसिडचेही कॅन असतात. रेडिएटरचा नळ बंद कर, डिस्टिल्ड भर, हीटर पूर्ण गरमवर ठेवून गाडी जरा चालू ठेव, बंद कर, गार होऊ दे, सोड. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच पुन्हा. वेळ जातो खरा, पण पाणी थोडं लागतं. मधला वेळ पोळ्या लाटायला घाल नाहीतर माझ्याशी फोनवर बोल. घरचं व्हिनेगर, सोडा, गटार मोकळं करायची पूड यांतलं काहीही आत घालायचं नाही. अॅल्युमिनियम खातं ते.

भरताना एक हिशेब आहे, अन् तो पुष्कळांचा चुकतो. नळ सोडला तरी सगळं पाणी बाहेर येत नाही. इंजिनात अन् हीटरमध्ये बरंच राहतं. समज, पुस्तिकेत पूर्ण क्षमता साडेचार लिटर लिहिली आहे अन् टबात तीनच लिटर आलं. म्हणजे दीड लिटर डिस्टिल्ड आतच आहे. आता वरून निम्मं-निम्मं तयार कूलंट ओतलंस तर मिश्रण पातळ होणार. म्हणून पाणी न मिसळलेलं घट्ट कूलंट आण, त्यातलं क्षमतेच्या निम्मं, म्हणजे सव्वादोन लिटर, आधी ओत. उरलेली जागा पाऊण लिटर डिस्टिल्डनं भर. झालं बरोबर निम्मं-निम्मं. तयार कूलंट फक्त नंतर वरून थोडं घालायला ठेव.

हळूहळू ओत, नरसाळ्यानं. घाई केलीस तर आत हवा अडकते, अन् हवेची पोकळी जिथं बसेल तिथं इंजिन भाजतं. वरचा जाड पाईप हातानं दाबून सोड, बुडबुडे येतील. मग झाकण उघडंच ठेवून, एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, गाडी चालू कर. पातळी एकदम खाली जाईल. थर्मोस्टॅट उघडला, साधारण ऐंशी-नव्वद अंशांच्या दरम्यान, की आतली जागा भरते. थोडं थोडं ओतत राहा, चेहरा लांब ठेवून. बुडबुडे थांबले की झाकण लाव अन् पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांब. हीटरमधून कडक हवा आली तर बरंचसं जमलं. काही गाड्यांत हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, अन् टाकीवरच झाकण असणाऱ्या गाड्यांची हवा काढायची रीत वेगळी, पुस्तिका पाहा. विजेवरची गाडी असेल तर यातलं काहीच तुला लागू नाही, तिथं हात लावू नकोस.

टबातल्या जुन्या कूलंटचं मात्र आजच्या आज बघ. ते चवीला गोड असतं अन् विषारी असतं. कुत्री, मांजरं चाटतात. लेकरू तर रंग बघूनच हात घालेल. आधी दारू प्यायल्यासारखं होतं, मग मूत्रपिंडं जातात. पोटात गेलं असं नुसतं वाटलं तरी घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. सरबताच्या बाटलीत तर कधीच भरायचं नाही. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भर, वर विष असं मोठ्या अक्षरांत लिही, अन् गॅरेजवाला घेतो का विचार. नालीत अन् झाडाच्या मुळाशी नको. फरशीवर सांडलेलं लगेच पुसून घे.

पहिल्यांदा करताना जावईबापूंना शेजारी उभं कर, पण पकड त्यांच्या हातात देऊ नकोस. गॅरेजमध्ये तू समोर असताना मेकॅनिक त्यांच्याशीच बोलतो, हे तूच मला सांगितलंस ना? पुढच्या वेळी तो "सगळं बदलावं लागेल" म्हणाला की झाकणाचं रबर तपासलं का, पाण्याचा पंप गळतोय का, थर्मोस्टॅट उघडतोय का, एवढं शांतपणे विचार. तोंड फिरवून तुझ्याकडं बघेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, बाटलीतली पातळी खालच्या अन् वरच्या रेषेच्या मधे आहे का बघ. आठवडाभर रोज बघ. पहिल्या दोन दिवसांत थोडी उतरली तर उरलेली हवा निघालीय, भरून टाक. रोज उतरायला लागली तर गळती आहे, अन् कितीही धुतलंस तरी ती जायची नाही. मग मात्र गाडी गॅरेजला ने, अन् तोवर ती घेऊन नांदेडला निघू नकोस, एसटीनं ये.