मृत्युपत्र: साक्षीदारांपासून सुरुवात करा

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साधा कागद चालतो, हाताने लिहिलेलं चालतं, मराठीतलं चालतं. लागतात ते दोन साक्षीदार, आणि उद्या वाद कोर्टात गेला तर मृत्युपत्र शाबीत करायला त्यांच्यापैकी निदान एकाला उभं राहावं लागतं. म्हणून आधी माणसं ठरवा: वयाने तुमच्यापेक्षा लहान, ओळखीची, गावात टिकून राहणारी. ज्यांना काही द्यायचं आहे ती आणि त्यांचे नवराबायको यात नकोत.

मग मिळकतीची यादी. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बँकेची पासबुकं समोर ठेवा आणि गट नंबर, खाते नंबर त्यावरूनच उतरवा. ‘गावची जमीन’ एवढ्यावर भागवू नका. स्वकष्टार्जित सगळं देता येतं. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला फक्त आपला हिस्सा. नॉमिनी लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मजकुरात नाव, वय, पत्ता, शुद्धीवर व स्वखुशीने लिहीत असल्याचं विधान आणि आधीची मृत्युपत्रं रद्द केल्याचं वाक्य हवं. कोणाला काय, तो आधी गेला तर कोणाला, उरलेलं कोणाला, मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक कोण, हे लिहा. एखाद्या मुलाला वगळत असाल तर कारण दोन ओळींत नोंदवा. न सांगितलेल्या कारणावरून भावंडं आयुष्यभर अबोला धरतात.

सहीच्या वेळी तिघेही एका टेबलाशी बसा. कायद्याला दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत असं नाही, पण असलेले बरे. तारीख घाला, प्रत्येक पानाखाली सही करा, शेवटची सही दोघांच्या डोळ्यांदेखत. मग त्यांनी तुमच्यासमोर सह्या करायच्या, नाव-पत्त्यासकट. खाडाखोड झाली असेल तर तिथेही तिघांच्या सह्या, नाहीतर पान नव्याने लिहा. वय झालं असेल, तब्येत नाजूक असेल, तर मानसिक स्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा त्याच दिवसाचा दाखला जोडा.

नोंदणी सक्तीची नाही, तरी मी करायला सांगेन. दुय्यम निबंधकाकडे साक्षीदारांना घेऊन जायचं. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी अधिकारी घरी येऊ शकतात. नोंदणी केली तरी मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येतं, आणि शेवटचं वैध मृत्युपत्रच चालतं.

मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. गोव्यात कायदाच वेगळा: मुलं असतील तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव, म्हणून तिथल्या वकिलाचा सल्ला आधी घ्या.

मूळ प्रत लॉकरमध्ये एकट्याच्या नावावर बंद ठेवू नका. ती कुठे आहे हे व्यवस्थापकाला आणि घरातल्या एकाला आजच सांगा.