बाळोत्यांची निगा : प्रक्षालन, धूपन आणि डांबरगोळी

उरण तालुक्यातील चिरनेर हे गाव अक्कादेवीच्या डोंगरावर २५ सप्टेंबर १९३० रोजी झालेल्या जंगल सत्याग्रहामुळे महाराष्ट्रास परिचित आहे. आमचा त्या गावाशी संबंध मात्र रुग्णांच्या निमित्ताने येतो. एका पावसाळ्यात तेथून तीन महिन्यांचे एक बालक आमच्याकडे आणले गेले. गुदप्रदेशी व जांघेत आरक्तता, कंडू, स्राव अशी अहिपूतनेची लक्षणे स्पष्ट होती. त्रिफळा व खदिर यांच्या क्वाथाने परिषेक केला, मातेस स्तन्यशोधक औषध दिले. चार दिवस उतार पडला आणि पाचव्या दिवशी व्याधी पुन्हा पूर्ववत. असे दोनदा घडल्यावर आम्ही चिरनेरला त्यांच्या घरी गेलो.

न्हाणीघरात झाकण लावलेली बादली होती. आदल्या दिवसापासूनची लंगोट-बाळोती तीत जंतुनाशक द्रव घालून भिजत ठेवलेली होती. झाकण काढताच अमोनियाच्या तीव्र वासाने डोळ्यांना पाणी आले. पुढे आजीबाईंनी मोठ्या कौतुकाने पत्र्याची पेटी उघडून दाखविली. जुन्या लुगड्यांची मऊसूत बाळोती घडी घालून ठेवलेली आणि प्रत्येक थरात डांबरगोळ्या. बादलीने आमची चिकित्सा निष्फळ केली होती, हे तर कळलेच. परंतु भीती वाटली ती पेटीची.

सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगात अहिपूतनेचे वर्णन करताना मलमूत्राने माखलेला गुदप्रदेश न धुणे आणि घामेजलेल्या बालकास स्नान न घालणे ही कारणे सांगितली आहेत. हे आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. मात्र चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बालकाच्या वस्त्रांविषयी जे सांगितले आहे, तिकडे आपले लक्ष क्वचित जाते. बालकाचे अंथरूण-पांघरूण मृदू, लघु, शुचि व सुगंधी असावे; घाम, मळ, जंतू, मूत्र वा पुरीष यांनी दूषित झालेले वर्ज्य करावे; आणि दुसरे उपलब्धच नसेल तर तेच उत्तम धुऊन, धूप देऊन, शुद्ध व कोरडे करून वापरावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. म्हणजे धुतलेले वस्त्र ही आचार्यांच्या दृष्टीने दुसऱ्या क्रमांकाची निवड आहे, आणि ती स्वीकारताना कोरडेपणाची अट घातलेली आहे. भिजत ठेवण्याचा तेथे उल्लेख नाही.

तो का नसावा, याचे उत्तर आधुनिक शास्त्रानेही दिले आहे. मूत्रातील युरियाचे पुरीषातील सूक्ष्मजंतूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो आणि क्षारता वाढते. केवळ अमोनियाच त्वचेस भाजतो, असे पूर्वी मानले जाई. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले की वाढलेल्या क्षारतेने पुरीषातील प्रथिने व स्निग्धांश पचविणारी द्रव्ये अधिक तीव्र होतात आणि त्वचेस इजा पोहोचवितात. मलमूत्रयुक्त बाळोती रात्रभर एका पाण्यात ठेवणे म्हणजे या विघटनास अवकाश देणे होय. त्यात जंतुनाशक घातले तर त्याचा अंश धाग्यात राहतो व ओलसर, बंद जागी तासन्‌तास त्वचेस लागतो. शिवाय रांगत्या मुलाच्या घरात पाण्याने भरलेली बादली हा स्वतंत्र धोका आहे. वीतभर पाण्यातही मूल बुडते.

आम्ही त्या घरी सांगितलेली रीत अशी. मळ ताबडतोब झटकून वा खरवडून शौचकूपात टाकावा आणि बाळोते थंड वाहत्या पाण्यात खळबळून काढावे. प्रथम गरम पाणी वापरू नये, त्याने मळातील प्रथिने धाग्यात घट्ट बसतात व डाग पक्का होतो. मग घट्ट पिळून, हवा खेळेल अशा टोपलीत मोकळे टाकावे. झाकण नको, पाणी नको. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, चांगल्या गरम पाण्यात थोड्या साध्या साबणाने धुवावे आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळावे. साबण कमी आणि पाणी अधिक, हे गृहिणींना पटविणे सर्वांत कठीण जाते. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव टाळावेत. त्यांचा थर बसून वस्त्राची शोषकता घटते.

रिठ्याविषयी आपल्या क्षेत्रात थोडी अतिशयोक्ती आढळते. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका बसतो, तसा रिठ्याचा बसत नाही, हा त्याचा खरा गुण. मात्र रिठा जंतुघ्न समजून उकळत्या पाण्याची वा उन्हाची जागा त्यास देऊ नये. त्याचा फेसही डोळ्यांना झोंबतो, तेव्हा तोही पूर्ण खळबळून काढावा लागतो.

कोकणात आषाढ-श्रावणात ऊन कोठून आणावे, हा प्रश्न रास्त आहे. घरात वाऱ्याच्या दिशेने दोरी बांधून वाळवावे आणि शेवटी शिवणीवर दाबून गरम इस्त्री फिरवावी. धूपनासाठी चरकाचार्यांनी यव, सर्षप, अतसी, हिंगु, गुग्गुळ, वचा इत्यादी द्रव्ये घृतासह सांगितली आहेत. ती वस्त्रे व अंथरुण-पांघरुणासाठी सांगितली आहेत, हे आवर्जून नमूद करतो. कारण बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडी पेटवून मुलालाच धुरी देण्याची रूढी अद्याप आहे. धूर कपड्यास द्यावा, वेगळ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून. कोंदलेल्या निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही.

आता ती पेटी. डांबरगोळी बहुधा नॅफ्थलीनची असते. तिचा अंश वस्त्रात मुरतो आणि श्वासातून व त्वचेतून शरीरात जातो. तेलाने माखलेल्या त्वचेतून अधिक सहजतेने. आपल्याकडे अभ्यंग करून, न्हाऊ घालून बालकास याच बाळोत्यात गुंडाळतात, हे ध्यानी घ्यावे. ज्या बालकात जी-सिक्स-पीडी या वितंचकाची जन्मतः न्यूनता असते, त्याच्या रक्तकणांचा नॅफ्थलीनमुळे झपाट्याने नाश होतो. ही न्यूनता भारतातील अनेक समाजांत आढळते. पांडुता, वाढती कावीळ आणि गडद तपकिरी मूत्र ही लक्षणे. नवजाताची अशी कावीळ मेंदूपर्यंत पोहोचून कायमचे अपंगत्व वा मृत्यू ओढवू शकते. अशा बालकास कामला समजून आपल्याकडे चिकित्सेस ठेवू नये. त्वरित रुग्णालयात पाठवावे आणि सोबतच्या चिठ्ठीत डांबरगोळीचा उल्लेख अवश्य करावा. विचारल्याशिवाय घरचे लोक ते सांगत नाहीत. सुदैवाने चिरनेरच्या त्या बालकास यातले काही झाले नव्हते.

वस्त्रातील द्रव्याने बालकास बाधा झाल्याची उदाहरणे इतरत्रही आहेत. १८८६ साली इंग्लंडमध्ये रुग्णालयाच्या लंगोटांवरील शिक्क्यातील ॲनिलीन रंगाने नवजात बालके निळी पडल्याची नोंद झाली. १९६७ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे रुग्णालयाच्या धुलाईत पेंटाक्लोरोफेनेट वापरले गेले व दोन नवजात बालके दगावली. आपल्या भल्लातकाचे उदाहरण तर जवळचेच : धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खूण करीत, आणि दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या त्वचेवर त्या खुणेखालीच फोड उठल्याचे १९४३ साली प्रसिद्ध झाले. भल्लातक शोधन करून वापरणाऱ्या आपल्या वर्गास याचे नवल वाटू नये.

पेटीत डांबरगोळीऐवजी वेखंडाचे तुकडे व पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला जाड कापडाच्या पुरचुंडीत ठेवावा. पुरचुंडी मुलाच्या हाती लागू देऊ नये. कापूर मात्र सुचवू नये. पोटात गेल्यास लहान मुलांना आक्षेपक येतात. पूर्वी डांबरगोळीत ठेवलेली वस्त्रे कितीही धुतली तरी नवजातास वापरू नयेत, असे आमचे मत आहे. औषधी दुकानदारांना एक विनंती : बाळाच्या वस्तूंशेजारी डांबरगोळ्यांची पाकिटे मांडू नयेत. टंकण वा बोरिक चूर्ण लंगोटाच्या पुरळावर भुरभुरण्यासाठी कोणी मागितल्यास देऊ नये. सोललेल्या त्वचेतून ते शोषले जाते व त्याने बालके दगावलेली आहेत.

चिरनेरच्या घरी बादली बंद झाल्यावर तोच क्वाथ लागू पडला. नऊ दिवसांत त्वचा निवळली. आजीबाईंनी पेटीतली लुगडी गोधडीसाठी काढून ठेवली आणि नवी बाळोती सुनेच्या जुन्या सुती साडीची शिवली.