रिचार्जचा हिशेब

मोबाइल आता घरोघरी आला आहे. बाजारभाव, मुलांचा अभ्यास, परगावी गेलेल्या माणसांची खुशाली, सारं त्यातूनच कळतं. पण त्याला रिचार्जचे पैसे लागतात. घरात तीन फोन असले, तर दोन-तीन दिवसांची मजुरी त्यातच जाते. म्हणून रिचार्ज घेण्याआधी हिशेब करावा. तो कसा करायचा, हे आज आपण पाहू या.

धान्य आपण किलोने मोजतो. इंटरनेटचा डेटा जीबीने मोजतात. एक जीबी म्हणजे सुमारे एक हजार एमबी. लिहिलेल्या निरोपाला डेटा अगदी थोडा लागतो. व्हिडिओला फार लागतो. साधा व्हिडिओ तासभर पाहिला, तर सुमारे अर्धा जीबी जातो. चित्र जितकं स्वच्छ, तितका डेटा जास्त.

दुकानदार म्हणतो, "हा अनलिमिटेड घ्या." अनलिमिटेड म्हणजे अमर्याद. पण काय अमर्याद, हे त्याला विचारा. बहुधा बोलणं अमर्याद असतं. डेटाला मात्र रोजची मर्यादा असते. कुठे दीड जीबी, कुठे दोन जीबी. ती संपली की वेग फार उतरतो. लिहिलेला निरोप कसाबसा जातो, व्हिडिओ अडकून बसतो. काही योजनांत फाइव्ह-जीचा डेटा खरोखर भरपूर मिळतो. पण त्यासाठी आपला फोनही फाइव्ह-जीचा हवा आणि गावात तसा टॉवरही हवा.

रोजची मर्यादा म्हणजे पाटाच्या पाण्याची पाळी. पाळीला पाणी घेतलं तर आपलं. नाही घेतलं तर वाहून गेलं. आजचा उरलेला डेटा बहुधा उद्या मिळत नाही.

दुसरा प्रकार मर्यादित डेटाचा. त्यात सगळ्या मुदतीसाठी एकदाच ठरावीक डेटा मिळतो. ही कणगी समजा. लागेल तेव्हा काढा, नको तेव्हा झाकून ठेवा. पण कणगी रिकामी झाली, की डेटासाठी वेगळे पैसे पडतात. आणि मुदत संपली, की उरलेलाही जातो.

मग कोणता घ्यावा? मुलगी रोज दोन तास व्हिडिओवर अभ्यास करते. तिला रोज एक जीबी तरी हवा. २८ दिवसांचे २८ जीबी झाले. तिला रोजची पाळीच बरी. बाप दिवसभर शेतात असतो. आठवड्यातून दोनदा बाजारभाव पाहतो. त्याला कणगी पुरते. आजीच्या साध्या फोनवर नेट चालतच नाही. तिने डेटाचे पैसे का भरावेत? डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नियम केला. प्रत्येक कंपनीने फक्त बोलणं आणि एसएमएस यांची निदान एक तरी योजना ठेवली पाहिजे. दुकानदाराने आपणहून सांगितली नाही, तर आपण नाव घेऊन मागावी.

आता मुदत बघा. पुष्कळ योजना २८ दिवसांच्या असतात. २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षात महिने १२, पण असे रिचार्ज १३ होतात. समजा, एक रिचार्ज ३०० रुपयांचा आहे. १२ वेळचे ३,६०० रुपये होतात. १३ वेळचे ३,९०० होतात. २०२२ साली ट्रायने ३० दिवसांची आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारी योजनाही ठेवायला लावली आहे. तिचीही किंमत विचारा आणि ताडून पाहा.

आपला खर्च किती, हे फोनच सांगतो. सेटिंगमध्ये "डेटा वापर" असं लिहिलेलं असतं. महिनाभराचा आकडा वहीत उतरवून ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरत असतील, तर ते बंद करा. तेवढा डेटा वाचतो.

आम्ही सांगतो म्हणून स्वस्त घेऊ नका, आणि शेजाऱ्याने घेतला म्हणून महाग घेऊ नका. आता आपल्याला वाचता येतं. योजनेचा कागद स्वतः वाचा. किंमत, दिवस, डेटा, बोलणं, ही चार घरं वहीत आखा आणि भरा. मगच पैसे द्या.

हिशेब करा :
१. रोज दीड जीबी, तर २८ दिवसांत किती जीबी?
२. त्यातले तुम्ही किती वापरता?
३. तुमच्या घरी कोणाला पाळी हवी, कोणाला कणगी?