किलोत किती गोळ्या बसतात, ते मोज

बाबू, पागाच्या जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या ओतायला बसशील तेव्हा मोजपट्टीपेक्षा काट्यावर भरवसा ठेव. बारा मिलिमीटर जाडीची भरीव शिशाची गोळी दहा ग्रॅमच्या जरा वर भरते. तीच तेरा मिलिमीटरची झाली की तेरा ग्रॅम. डोळ्याला हा फरक कळतही नाही, पण तीनशे गोळ्यांच्या पागावर तो पाऊण किलोच्या वर जातो, आणि ते ओझं सकाळभर तुझ्याच खांद्याला फेकायचं असतं. म्हणून पहिला घाणा निघाला की किलोभर गोळ्या काट्यावर घाल आणि मोज. शंभराच्या जवळपास बसल्या तर एक गोळी दहा ग्रॅमची. दोरीसाठी भोक ठेवलंस की गोळी ग्रॅमभर हलकी होते, ते साचा करून घेतानाच धर.

बंदुकीच्या नळीचा हिशोबही असाच आहे. शेत राखायला परवान्यावर बंदूक बाळगणाऱ्या कुणालाही विचार. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात बसेल ती बारा बोअरची नळी, साडेअठरा मिलिमीटरची. तिथे गोळीला नळीचं माप सांभाळावं लागतं. आपल्याला सांभाळायचं ते एकच, सगळ्या गोळ्या सारख्या हव्यात. एका बाजूला जड पडल्या तर ती बाजू आधी बुडते, पाग गोल उघडत नाही, आणि हलक्या बाजूची कड उचलली जाऊन बोयीसारखा मासा तिथूनच निसटतो.

किती जड हे पाणी ठरवतं. वाशिष्ठीला कोयनेच्या वीजघरांचं पाणी येऊन मिळतं, त्यामुळे चिपळूणच्या अंगाला भर उन्हाळ्यातही ओढ असते. तिथे हलका पाग तळाला टेकेपर्यंत वाहून जातो. खाली खाडीत, भांगाच्या म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत, उथळ चिखलावर हलकाच बरा. जड गोळ्या चिखलात रुततात आणि खडपात अडकल्या तर जाळं फाडून येतात. दोन्हीकडे जायचं असेल तर दोन पाग ठेव. मधलं वजन घालून दोन्हीकडे भागवणारे मी पुष्कळ पाहिले, त्यांचं कुठेच नीट भागत नाही.

शिसं मऊ घे, नखाने ओरखडा उठला पाहिजे. बंद पडलेल्या छापखान्यांचे खिळे भंगारात मिळतात, पण त्यांत कथील आणि अँटिमनी असतं. तो धातू कडक आणि शिशापेक्षा हलका. त्याच साच्यातून निघालेली खिळ्यांची गोळी काट्यावर कमी भरते, म्हणून दोन्ही एका पागात मिसळू नकोस. जुनी बॅटरी तर मुळीच फोडू नकोस. तिच्यातल्या ॲसिडने आणि भुकटीने जी हानी होईल, ती शिशाच्या किमतीत भरून निघणारी नाही. फाटक्या पागाच्या गोळ्या सगळ्यांत उत्तम.

साचा दोन भागांचा, लोखंडी, लेथवर कोरून घेतलेला असावा. लोट्यात एमआयडीसी असल्याने टर्नर शोधायला लांब जावं लागत नाही. आतून दिव्याची काजळी धर, भोकासाठी मधे खिळा ठेव, त्यालाही काजळी लाव. साचा आधी तापव. शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्याहून थोडं जास्त तापलेलं चांगलं वाहतं. गोळीवर सुरकुत्या दिसल्या तर साचा किंवा शिसं थंड आहे. ती धुरकट पांढरी निघाली तर फार तापलंय, आच कमी कर. आणि शिसं गोठताना आकसतं, हे पक्कं लक्षात ठेव. साच्याच्या तोंडाशी जास्तीचं शिसं राहू दे, आकसताना गोळी ते आत ओढून घेते. नाहीतर आत पोकळी राहते. अशी गोळी वरून भरलेली दिसते, काट्यावर मात्र उघडी पडते. ती बाजूला काढ आणि पुढच्या घाण्यात घाल.

पावसाळ्यात हे काम करूच नकोस. पडवीत ठेवलेल्या शिशालाही आपल्याकडची दमट हवा लागते. वितळलेल्या शिशात ओला तुकडा पडला की त्या पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि सगळं शिसं तोंडावर उडतं. तुकडे थंड भांड्यातच घालून सावकाश तापव. नंतर भर घालायचीच असेल तर तुकडा आधी चुलीच्या कडेला कडकडीत वाळू दे. चूल अंगणात मांड, वारा पाठीवर घे, पायांत बूट आणि डोळ्यांवर चष्मा असू दे. पोरांना आणि पोटुशी बाईला तिथे फिरकू देऊ नकोस. ते भांडं आणि ती पळी पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. गोळी दातांनी दाबून बसवायची खोड आपल्यात पुष्कळांना आहे, ती तू लावून घेऊ नकोस, पक्कड वापर. शिसं अंगात साठत जातं आणि लहान मुलांच्या तर मेंदूला बाधतं. हात साबणाने धुतल्याशिवाय विडीला किंवा भाकरीला लावू नकोस.

दाभोळच्या खाडीने कारखान्यांचं सांडपाणी पुष्कळ सोसलंय. काठाला लागलेले मेलेले मासे तू लहानपणापासून पाहिलेस. त्यात आपली भर नको. इंग्लंडमध्ये गळाला लावायच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर १९८७ साली बंदी आली, कारण हंस ती गिळून मरत होते. आपल्या खाडीतही चिखल चाळून खाणारे पक्षी आहेत. भांड्यावर येणारी मळी उकिरड्यावर टाकू नकोस, झाकणाच्या डब्यात साठव आणि भंगारवाल्याला दे.

हंगाम संपला की पाग उलगडून त्याचा सगळा घेर हाताखालून जाऊ दे. विरलेली दोरी तेव्हाच बदल, म्हणजे गोळ्या पाण्यात गळणार नाहीत. गळालेल्या गोळीच्या जागी नवी घालताना शेजारची एक काढून तिचं वजन बघ. वाळूवर घासून ती हलकी झालेली असते, साच्यातली नवी तिच्यापेक्षा जड भरते. सुरीने नवी थोडी तासून दोन्ही सारख्या कर, आणि तासलेला कीस मळीच्याच डब्यात टाक.