‘पाळी लांबली’ : औषधापूर्वी ऋतुचक्राचा विचार

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत भातलावणी आटोपली की श्रावणात एक तक्रार हमखास येते : ‘पाळी लांबली आहे, येण्याचे औषध द्या.’ पुष्कळदा रुग्णा स्वतः येत नाही; सासूबाई किंवा पती येतात. रजःप्रवर्तनी वटी किंवा उलटकंबलाचा काढा दिला जातो. हे कितपत योग्य, हे ठरविण्यासाठी प्रस्तुत लेखात ऋतुचक्राची उजळणी करू.

शारीर : सुश्रुताचार्यांनी योनी शंखनाभीच्या आकाराची व तीन आवर्तांची सांगून तिसऱ्या आवर्तात गर्भशय्या सांगितली आहे. आर्तववह स्रोतसे दोन. त्यांचे मूळ गर्भाशय व आर्तववाही धमन्या. आधुनिक शारीरानुसार गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस एकेक बीजवाहिनी व बीजकोष असतो. गर्भाशय गर्भाबरोबर वाढते. अरुंद बीजवाहिनीस ते शक्य नसते.

संप्रेरकांचे कार्य : हायपोथॅलॅमसच्या आदेशाने पीयूषिका ग्रंथी एफएसएच व एलएच स्रवते. एफएसएचमुळे बीजपुटक वाढते व इस्ट्रोजेन निर्माण होऊन गर्भाशयाचा अंतःस्तर जाड होतो. पुढे एलएचची लाट येऊन साधारण ३६ तासांत स्त्रीबीज सुटते. उरलेल्या पुटकाचा पीतपिंड होऊन प्रोजेस्टेरॉन स्रवतो. गर्भधारणा न झाल्यास सुमारे १४ दिवसांत पीतपिंड क्षीण होतो आणि अंतःस्तर गळून रजःस्राव होतो. गर्भ राहिल्यास एचसीजी पीतपिंडास टिकविते; पाळी येत नाही.

चक्राचा हा उत्तरार्ध बहुधा स्थिर असतो. कमीजास्त होतो तो पूर्वार्ध. चिखलात दिवसभर वाकून केलेले श्रम, अपुरा आहार व चिंता यांमुळे हायपोथॅलॅमसचे आदेश मंदावतात, बीज उशिरा सुटते व पाळी लांबते. म्हणजे बहुतेक वेळा एक तर बीज उशिरा सुटलेले असते किंवा गर्भ राहिलेला असतो. ‘अडलेले रक्त मोकळे करणे’ ही कल्पना यांपैकी कोणत्याही अवस्थेस लागू पडत नाही.

एक अनुभव : काही वर्षांपूर्वी डोंगरभागातील एक तरुण रुग्णा माझ्याकडे आली. सात आठवडे पाळी नव्हती. एका दुकानातून वटी आणून तिने पाच दिवस घेतली होती. चौथ्या दिवशी थोडा काळपट स्राव दिसताच ‘औषध लागू पडले’ असे घरच्यांना वाटले. परंतु ओटीपोटात एका बाजूस तीव्र शूल, खांद्यात वेदना, घेरी, आणि नाडी द्रुत व क्षीण होती. मूत्रतपासणीत गर्भ असल्याचे दिसले. तातडीने पुण्यास पाठविले. गर्भ बीजवाहिनीत होता व ती फुटली होती. शस्त्रक्रियेने रुग्णा वाचली. वटीमुळे वाहिनी फुटली असे नव्हे. मात्र निदानाचे पाच मोलाचे दिवस गेले.

व्यवहारात पाळावयाचे नियम :

१. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस विचारावा. तारीख आठवत नसल्यास सण, आठवडे बाजार किंवा लावणीचा दिवस यांवरून काढावी. गर्भधारणेचे घटक सांगताना सुश्रुताचार्यांनीही क्षेत्र, अंबू व बीज यांच्या आधी ऋतूच सांगितला आहे.

२. औषधापूर्वी मूत्रतपासणी करावी. गर्भ नाही असे दिसले तरी पाळी न आल्यास आठवड्याने पुन्हा करावी.

३. गर्भ असून शूल, स्राव वा घेरी असल्यास औषध न देता १०८ रुग्णवाहिका बोलवावी व सोनोग्राफीची आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

४. दोन्ही वेळा गर्भ नसल्यास आहार, विश्रांती व पांडुरोगाकडे पाहावे. तीन महिने पाळी नसेल तर थायरॉईडसह संपूर्ण तपासणी करावी.

५. औषधालय चालकांनी ध्यानात ठेवावे की रजःप्रवर्तनी वटीत काळा बोळ, कासीस, टंकण व हिंग असतात. गर्भिणीस ती निषिद्ध आहे. निरोपावर ती देऊ नये. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलण्यासाठी मागितली जाणारी नॉरएथिस्टेरॉनची गोळीही चिठ्ठीशिवाय देऊ नये.

गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेल्यास एका वटीची विक्री बुडेल. रुग्णेस स्वतः येण्यास सांगितल्याने कदाचित तिचा जीव वाचेल.